कॅमेरा सक्तीचा करावा का?

पत्र: मी बुलढाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वाणिज्य विभागात शिकवते. एम.कॉम. प्रथम वर्षाचे आमचे बहुतेक विद्यार्थी नोकरी करतात, म्हणून संख्याशास्त्राचे आठवड्यातले तीन तास रात्री आठ वाजता ऑनलाइन होतात आणि शनिवारी एक तास प्रत्यक्ष वर्गात होतो. पटावर 58 जण आहेत. त्यांपैकी चाळीसेक लॉगिन करतात, पण कॅमेरे आणि माइक सगळ्यांचेच बंद. ‘समजले का?’ असे विचारले की दोघेतिघे ‘येस मॅम’ लिहितात, बाकी शांतता. परवा तास संपवून निरोप घेतला, तरी अकरा जण आत तसेच होते. नावाने हाका मारल्या, एकानेही ओ दिली नाही. प्राचार्य म्हणतात, कॅमेरा सक्तीचा करा आणि जो लावणार नाही त्याची गैरहजेरी मांडा. एक सहकारी म्हणतात, प्रश्नमंजुषेच्या खेळांचे ॲप वापरा. शिवाय ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर नोंदणी करायला लावलेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी परीक्षेचा अर्जच भरला नाही, त्याचे खापरही माझ्यावर फुटते आहे. मी कंटाळवाणे शिकवते का? की ऑनलाइन शिकवणे हाच मुळात देखावा आहे? — एक प्राध्यापिका

सप्रेम नमस्कार.

कॅमेऱ्याचे आधी सांगतो, कारण त्यावर तुम्हाला लगेच निर्णय द्यायचा आहे. सक्ती करू नका. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील फ्रँक कॅस्टेली आणि मार्क सार्व्हरी यांनी कोविडच्या काळात आपल्याच विद्यार्थ्यांना कॅमेरा का लावत नाही असे विचारले आणि 2021 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वाधिक सांगितले गेलेले कारण आळस हे नव्हते. आपण कसे दिसतो याचा संकोच हे होते, आणि त्यापाठोपाठ मागे दिसणारी घरातली माणसे, ती जागा आणि अशक्त इंटरनेट. ही कारणे वंचित समाजगटांतून आलेल्या विद्यार्थ्यांना अधिक लागू पडत होती, हेही त्यांनी नोंदवले. कॉर्नेलसारख्या श्रीमंत विद्यापीठात ही स्थिती असेल, तर रात्री आठ वाजता ज्या घरात एकाच खोलीत भाकऱ्या थापल्या जात आहेत, लहान भावाचा अभ्यास चालू आहे आणि टीव्हीचा आवाज कमी करा असे वडिलांना सांगण्याची सोय नाही, त्या घरातल्या मुलीने कॅमेरा लावावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तुमच्या वर्गात लग्न झालेल्या मुली असतीलच. सासरी शिकू दिले जाते हीच त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते, आणि सासू-सासऱ्यांच्या वावरण्यासकट घर चाळीस अनोळखी फोनांवर दिसावे हे त्यांना परवडणारे नसते. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमधून तासभराचा व्हिडिओ दोन्ही बाजूंनी चालवायचा म्हणजे काय, हा हिशेब तर त्यांना संख्याशास्त्राशिवायही येतो.

गैरहजेरी मांडण्याच्या धाकाने कॅमेरे लागतील, नाही असे नाही. पण मग तुम्हाला पंख्याकडे रोखलेले चाळीस कॅमेरे दिसतील.

त्या अकरा जणांबद्दल तुम्ही दुखावलेल्या आहात हे पत्रातून कळते. त्याकडे फसवणूक म्हणून पाहू नका, असे मी सुचवेन. तुमच्या महाविद्यालयात हजेरी लॉगिनवरून मोजली जाते. मुलांनी लॉगिन दिले. आपण जे मोजतो तेवढेच समोरचा देतो, हे शिक्षणात जितके खरे आहे तितके क्वचितच दुसरीकडे असेल. त्यांपैकी एखादा मेडिकलच्या काउंटरवर उभा असेल, एखादा पाळीवरून सुटून एसटीत बसला असेल आणि फोन खिशात असेल. यांतले कोणीही तुमचा तास टाळण्यासाठी लॉगिन केलेले नाही; टाळायचाच असता तर ते उरलेल्या अठरा जणांसारखे आलेच नसते. प्रश्न असा आहे की आत आल्यावर त्यांनी करायचे काय, हे तासाने त्यांना सांगितलेले नाही. ऐकायचे, एवढेच. आणि रात्री आठ वाजता, दहा तास उभे राहून आलेल्या माणसाला प्रमाण विचलनाविषयी तासभर नुसते ऐकायला सांगितले, तर व्याख्याता कितीही रसाळ असला तरी मन भरकटणारच. तुम्ही कंटाळवाणे शिकवता का, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे की सलग तासभर कोणीही कंटाळवाणेच शिकवतो. वर्गात मुले समोर असतात म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही.

ऑनलाइन शिकवणे हा मुळात देखावा आहे काय, यावर मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण या शंकेचे एक जुने आणि चांगले उत्तर उपलब्ध आहे. 1970 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स गिबन्स नावाचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. सान्ता रोसा येथील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या अभियंत्यांना नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे होते आणि विद्यापीठ त्यांच्यासाठी लांब पडत होते. तुमच्या विद्यार्थ्यांची अडचण याहून फार वेगळी नाही. गिबन्स यांनी वर्गातील व्याख्यानांच्या व्हिडिओ टेप कंपनीत पाठवल्या. पण त्या एकेकट्याने पाहायच्या नाहीत, लहान गटाने एकत्र बसून पाहायच्या, आणि गटासोबत एक मार्गदर्शक असेल, अशी अट घातली. हा मार्गदर्शक मोठा विद्वान असण्याची गरज नव्हती, तो कंपनीतलाच एखादा अभियंता असे. त्याचे मुख्य काम टेप थांबवणे हे होते. कोणाच्या कपाळावर आठी दिसली, कोणी शंका काढली, की टेप थांबायची, चर्चा व्हायची आणि मगच पुढे जायचे. 1977 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात गिबन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत दिला: अशा रीतीने शिकलेले अभियंते विद्यापीठाच्या वर्गात प्रत्यक्ष बसलेल्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याहून सरस उत्तीर्ण झाले. प्राध्यापक त्या खोलीत नव्हते, कॅमेरा उलट दिशेने चालत नव्हता, आणि तरीही शिकणे झाले, कारण टेप वारंवार थांबत होती आणि थांबली की प्रत्येकाला काहीतरी बोलावे लागत होते.

याच गोष्टीचा अलीकडचा पुरावा हार्वर्डमधून आला. कार्ल श्पुनर, नोवाल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी 2013 मध्ये संख्याशास्त्राचेच (हा योगायोग तुम्हाला आवडेल) सुमारे एकवीस मिनिटांचे व्हिडिओ व्याख्यान चार तुकड्यांत विभागून दाखवले. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली, दुसऱ्याला दिली नाही. चाचणी देणाऱ्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण निम्म्याने कमी झाले, त्यांनी टिपणे अधिक काढली आणि शेवटच्या परीक्षेत गुणही अधिक मिळवले. व्याख्याता तोच, मजकूर तोच. म्हणून तुम्हाला माझा सल्ला एका वाक्यात मावणारा आहे: दर आठ-दहा मिनिटांनी थांबा, आणि थांबल्यावर प्रत्येकाकडून काहीतरी लिहून घ्या.

थांबून काय विचारायचे, यावर सगळे अवलंबून आहे. ‘समजले का?’ हा प्रश्न यापुढे विचारूच नका. त्याचे ‘नाही’ हे उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला चाळीसेक जणांसमोर स्वतःचे अज्ञान जाहीर करावे लागते, आणि ‘हो’ हे उत्तर देण्यासाठी काहीच समजलेले असावे लागत नाही. ज्याचे उत्तर एका शब्दात किंवा एका आकड्यात देता येते, पण विचार केल्याशिवाय देता येत नाही, असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ निर्देशांकाच्या (किमती आधीच्या तुलनेत किती बदलल्या हे सांगणाऱ्या आकड्याच्या) पाठाची सुरुवात अशी करून पाहा: चिखलीच्या एका दुकानदाराने साडीची किंमत आधी 25 टक्क्यांनी वाढवली आणि मग दिवाळीच्या सेलमध्ये 25 टक्के सूट दिली, गिऱ्हाइकाला साडी मूळ किमतीपेक्षा महाग पडली, स्वस्त पडली, की तेवढ्यालाच पडली? चॅटमध्ये ‘म’, ‘स’ किंवा ‘त’ एवढेच लिहायला सांगा, पण अक्षर टंकून ठेवायचे, पाठवायचे नाही. मिनिटभराने तुम्ही ‘आता’ म्हणालात की सगळ्यांनी एकदम पाठवायचे. ही युक्ती क्षुल्लक वाटेल, पण तिच्यात बरेच काही आहे. एकमेकांचे पाहून लिहिता येत नाही, हुशार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोघांच्या उत्तरामागे बाकीचे लपत नाहीत, आणि चुकलेल्याला आपण एकटे चुकलो असे वाटत नाही, कारण ‘त’ लिहिणारे बहुधा पंधरा-वीस असतात. पडद्यावर पंचवीस-तीस अक्षरे एका दमात सरकताना दिसली की तुम्हालाही आपण भिंतीशी बोलत नाही याची खात्री पटेल.

आणि मग उत्तर लगेच सांगू नका. सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे, कारण उत्तर सांगण्यासाठीच आपल्याला शिक्षक म्हणतात असा आपला समज असतो. साडी हजार रुपयांची धरा आणि वहीत मांडून पाहा, एवढेच म्हणा. दोन मिनिटे खरोखर गप्प बसा. ऑनलाइन तासात दोन मिनिटांची शांतता अंगावर येते, ती येऊ द्या. हजाराचे साडेबाराशे झाले, साडेबाराशेवर पंचवीस टक्के म्हणजे 312 रुपये 50 पैसे सूट, राहिले 937 रुपये 50 पैसे. म्हणजे साडी स्वस्तच पडली. ज्याने ‘त’ लिहिले होते त्याने हे स्वतःच्या हाताने मांडले असेल, तर टक्केवारी कशाच्या तुलनेत मोजली जाते, म्हणजेच पायाभूत वर्ष नावाची भानगड निर्देशांकात कशासाठी असते, हे त्याला तुमच्या वीस मिनिटांच्या विवेचनाशिवाय कळलेले असेल. तुमचे विवेचन त्यानंतर यावे, आणि ते आठ मिनिटांत आटोपावे. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर 1990 च्या दशकापासून असेच शिकवत आले आहेत: आधी प्रश्न, मग प्रत्येकाचे स्वतंत्र उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर. ऑनलाइन तासात शेजारी नसतो, तर शनिवारच्या वर्गात तिघातिघांचे गट पाडून द्या आणि त्यांनी तेवढ्या दोन मिनिटांसाठी एकमेकांना फोन लावावा किंवा व्हॉट्सॲपवर बोलावे. ब्रेकआउट रूमच्या, म्हणजे ऑनलाइन तासात गटांसाठी उघडायच्या वेगळ्या खोल्यांच्या, नादी लागू नका, फोनवरून त्यात शिरण्यातच निम्मे जण बाहेर फेकले जातात.

फोनचा विषय निघालाच आहे तर तुमच्या स्लाइडविषयी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या फेरीत देशातील 10.7 टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला होता, ग्रामीण भागात 4.4 टक्के. त्यानंतर स्मार्टफोन भराभर वाढले, संगणक त्या प्रमाणात वाढले असतील असे आसपास पाहून तरी वाटत नाही. म्हणजे तुम्ही लॅपटॉपवर बनवलेली, बारा ओळींचे कोष्टक असलेली स्लाइड तुमचा विद्यार्थी तळहाताएवढ्या पडद्यावर वाचतो आहे. कोष्टक आधी छापून शनिवारी हातात द्या आणि पडद्यावर फक्त वहीतले हाताने सोडवलेले गणित दाखवा. फोन स्टँडला लावून वहीवर रोखला की झाले. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील लक्षावधी व्हिडिओ-सत्रांच्या अभ्यासात फिलिप ग्वो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2014 मध्ये असे आढळले होते की हाताने लिहीत जाणारे व्हिडिओ नुसत्या स्लाइडपेक्षा अधिक वेळ पाहिले जातात, आणि कितीही लांब व्हिडिओ असला तरी प्रेक्षक साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही. सहा या आकड्याला मंत्राचे महत्त्व देऊ नका, पण आपल्या तासाची लांबी त्यावरून जरूर तपासा.

पत्रात तुम्ही भाषेचा उल्लेख केलेला नाही, पण मी तो करणार आहे. वाणिज्य शाखेत पदव्युत्तर स्तरावर स्लाइड आणि पुस्तके बहुधा इंग्रजीत असतात, आणि तुमच्या बहुतेक विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण मराठीतून झाले असावे. त्यांनी दहावीला मध्यक आणि बहुलक शिकलेले असतात. मीडियन आणि मोड म्हटले की ते वेगळेच काही असावे असे समजून गप्प बसतात. शंका मनात मराठीत येते, ती इंग्रजीत कशी लिहायची हे सुचेपर्यंत तुम्ही पुढे गेलेल्या असता. पहिल्याच तासाला स्पष्ट सांगा की उत्तर मराठीत चालेल, वऱ्हाडीत चालेल, रोमन लिपीत टंकलेलेही चालेल, आवाजी निरोप पाठवला तरी चालेल. दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी शेजारी लिहिलेला एक कागद त्यांना द्या. ‘येस मॅम’च्या पलीकडे ज्यांच्याकडून काही येत नाही, त्यांच्यातले निदान काही जण तेवढ्याने बोलते होतील असा माझा अंदाज आहे.

आता लिहून घेतलेल्या उत्तरांचे पुढे काय करायचे? येथे मला तुमच्या नेमणुकीचे भान ठेवले पाहिजे. तासिका तत्त्वावर तुम्हाला घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते, तपासणीचे मिळत नाही, आणि तेही किती महिन्यांनी हातात पडते हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून रोज 58 उत्तरे तपासा असा उपदेश मी करणार नाही. ऑनलाइन तासाच्या शेवटी एकच प्रश्न गुगल फॉर्मवर द्या, दोन-तीन ओळींचे उत्तर पुरे. त्यांतली कोणतीही दहा वाचा. पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटे त्यांतल्या दोन उत्तरांवर घालवा: एक चांगले, एक उपयोगी पडेल असे चुकलेले, दोन्ही नाव न घेता. दर वेळी वेगळी दहा वाचलीत तर दोन आठवड्यांत वर्ग पुरा होतो. आपले लिहिलेले कोणीतरी वाचते हे कळले की माणूस लिहितो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने 1971 पासून विद्यार्थ्यांना टपालाने शिकवले, तेव्हा त्यांच्या शिकवण्याचा कणा हाच होता: विद्यार्थ्याने लिहून पाठवायचे आणि शिक्षकाने समासात, शेवटी, त्याच्याशी बोलल्यासारखे अभिप्राय लिहून परत पाठवायचे. त्या लिहिण्या-वाचण्यात तिकडेही कोणाचा चेहरा दिसत नव्हता. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी तर मांडलेच आहे की शिक्षक-विद्यार्थ्यांमधले अंतर किलोमीटरने वाढत नाही, संवाद तुटल्याने वाढते. तीनशे जणांच्या सभागृहात मागच्या बाकावर बसलेला विद्यार्थी या हिशेबाने फार दूर असतो.

सहकाऱ्यांनी सुचवलेल्या खेळांच्या ॲपबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. एखादवेळी गंमत म्हणून ठीक. पण त्यात बहुधा लवकर उत्तर देणाऱ्याला अधिक गुण असतात, म्हणजे ज्याची रेंज चांगली तो जिंकतो, आणि वरच्या साडीच्या प्रश्नासारख्या प्रश्नात घाई हीच तर चूक असते.

‘स्वयम्’चे खापर तुमच्यावर फोडणे अन्यायाचे आहे, आणि तसे सांगायला हरकत नाही. हे व्यासपीठ जुलै 2017 मध्ये सुरू झाले. व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चामंच असे त्याचे चार भाग आहेत, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एखाद्या कार्यक्रमाच्या एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) त्यावरून मिळवता येतात. आकडा मोठा असल्यामुळे महाविद्यालयांना नोंदणीची घाई होते. पण मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांत नोंदणी करणारे आणि पूर्ण करणारे यांच्यातली दरी जगभर सारखीच आहे: हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांचे आकडे जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंते यांनी 2019 मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले, तेव्हा नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्यांहून अधिकांनी अभ्यासक्रम उघडूनही पाहिला नव्हता, आणि 2017-18 मध्ये पूर्ण करणारे 3 टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण कितीतरी जास्त होते. यातून तुम्हाला घेण्यासारखे एवढेच की पुढच्या सत्रात सर्वांना नोंदणी करायला लावू नका. ज्या आठ-दहा जणांना खरोखर करायचे आहे त्यांनाच घ्या, परीक्षेच्या अर्जाची आणि शुल्काची तारीख पहिल्याच दिवशी त्यांच्या वहीत लिहून घ्या, विद्यापीठ ते श्रेयांक धरणार आहे की नाही हे कार्यालयातून लेखी मिळवा, आणि शनिवारच्या तासानंतर संगणक कक्षात त्यांना अर्धा तास एकत्र बसवून त्या आठवड्याचा व्हिडिओ पाहायला सांगा. व्हिडिओ थांबवण्याचे काम त्यांच्यातल्याच एकाकडे द्या, दर आठवड्याला वेगळ्याकडे. गिबन्स यांच्या अभियंत्यांनी याहून जास्त काही केले नव्हते. तेवढा वेळ तुम्ही थांबलाच पाहिजे असे नाही.

दोन गोष्टींची पूर्वसूचना देऊन ठेवतो. पहिली, या पद्धतीबद्दल विद्यार्थीच तक्रार करतील. ‘मॅम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारत बसतात’, असे कोणीतरी प्राचार्यांच्या कानावर घालेल. हार्वर्डमध्ये लुई देलोरिए यांनी 2019 मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेल्या अभ्यासात नेमके हेच दिसले: स्वतः गणित सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते, कारण ओघवते व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि स्वतः मांडताना अडखळायला होते. तिथल्या अभ्यासकांचा सल्ला असा की हे विद्यार्थ्यांना आधीच सांगून टाकावे. तुम्हीही पहिल्या आठवड्यात सांगा, आणि पहिल्या चाचणीनंतर पुन्हा सांगा.

दुसरी गोष्ट त्या अठरा जणांची, जे लॉगिनही करत नाहीत. त्यांच्यासाठी पद्धत बदलून काही होणार नाही. ऑक्टोबरात सोयाबीन काढणी आणि त्यापुढे कापूस वेचणी चालू असते तेव्हा काही जण वावरातून रात्री घरी येतात ते झोपायलाच; कोणाची पाळी बदललेली असते, कोणाचे शुल्क थकलेले असते आणि तोंड दाखवायला नको म्हणून तो वर्गच सोडतो. सूचना पाठवून यांपैकी कोणी परत येत नाही. फोन केला तर काही येतात. अठराही फोन तुम्ही करायचे कारण नाही. वर्ग प्रतिनिधी किंवा त्याच गावचा वर्गमित्र यांच्याकडे तीन-तीन नावे द्या, आणि कारण विचारायला सांगा, जाब नव्हे. शुल्काचे प्रकरण असेल तर ते कार्यालयाकडे आणि विभागप्रमुखांकडे जाऊ द्या. तास चुकलेल्यांसाठी तासाचे पूर्ण रेकॉर्डिंग टाकण्याची पद्धत आहे, ती मोडली तरी चालेल. तासभराचे रेकॉर्डिंग फारसे कोणी पाहत नाही. त्याऐवजी त्या दिवशीचा एक प्रश्न आणि त्याचे हाताने सोडवलेले उत्तर यांचा फोटो गटावर टाका, तो पाहिला जातो. गटावर निरोप टाकण्याची मुभा मात्र फक्त स्वतःकडे ठेवा, नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली तो फोटो कोणालाच सापडणार नाही.

आणि काही जण तरीही गप्पच राहतील. आठवड्यातून एकदा फॉर्म भरतील, नीट भरतील, पण चॅटमध्ये अक्षरही उमटवणार नाहीत. त्यांना बोलते करण्याचा आग्रह धरू नका. उत्तर येते आहे तोवर ते तुमच्याच वर्गात आहेत.

राहता राहिले प्राचार्य. त्यांनाही वर अहवाल द्यावा लागतो, मूल्यांकनाच्या वेळी कागद दाखवावे लागतात, म्हणून त्यांच्या मागणीला सरळ नकार देऊ नका, तिच्या जागी दुसरे काहीतरी ठेवा. लॉगिनची यादी आहे तशी देत राहा. तिच्या शेजारी एक रकाना वाढवा: त्या तासाला लेखी उत्तर दिले की नाही. उपस्थितीचा हा पुरावा चालू असलेल्या कॅमेऱ्यापेक्षा पक्का असतो आणि कोणत्याही समितीपुढे मांडता येतो, कारण तारीख, वेळ आणि विद्यार्थ्याने काय लिहिले ते सगळे गुगल फॉर्मच्या तक्त्यात आपोआप नोंदले जाते. कॅमेऱ्याबद्दल त्यांना असे म्हणता येईल: ‘सर, ज्यांना शक्य आहे त्यांनी तासाच्या पहिल्या दोन मिनिटांत कॅमेरा लावून नमस्कार करावा, असे मी सांगितले आहे, ज्यांना शक्य नाही त्यांनी कारण मला खासगीत कळवावे, असेही सांगितले आहे.’ बोलायला जाण्यापूर्वी तीन आठवडे जाऊ द्या, आणि जाताना त्या तक्त्याची छापील प्रत सोबत न्या.